वारशाचा करार आणि नकली खाते

संगणकाच्या आज्ञावलीशी वाणिज्य शाखेचा काय संबंध, असे आपणांस वाटेल. पण बँकेचे व्याज आज आज्ञावलीच काढते. तेव्हा तिची तपासणी हीही एक हिशेबतपासणीच होय.

आज्ञावलीचा एकेक भाग सुटा करून तपासणे यास युनिट टेस्ट म्हणतात. त्या वेळी बँकेच्या खऱ्या दप्तरास हात लावावयाचा नसतो. त्याच्या जागी ठरावीक उत्तरे देणारी नकली वस्तू उभी करतात. तिला मॉक म्हणतात. टिम मॅकिनन, स्टीव्ह फ्रीमन व फिलिप क्रेग यांनी २००० साली एका निबंधात ही पद्धत मांडली. इंटरफेस म्हणजे करारपत्र : कोणत्या प्रश्नांस उत्तर द्यावयाचे, त्याची यादी. एका करारावरून दुसरा केला की जुनी कलमे त्यात वारशाने येतात.

समजा, 'खाते' या करारात 'शिल्लक' हे कलम आहे. त्यावरून केलेल्या 'बचतखाते' या करारात 'व्याजदर' हे कलम वाढविले. शिल्लक १०,००० रुपये व दर ४ टक्के, तर वर्षाचे सरळव्याज ४०० रुपये. मॉकला दर सांगितला, पण वारशाची शिल्लक सांगावयाची राहिली, तर सी-शार्प भाषेतील 'मॉक-यू' हे साधन मुकाट्याने शून्य देते. व्याजही शून्य! चाचणीने 'व्याज ऋण नाही ना' एवढेच पाहिले, तर ती उत्तीर्ण होते. तेरीज जुळली म्हणून हिशेब बिनचूक ठरत नाही, तसेच हे.

दुसरी अडचण नावाची. 'काल' म्हणजे मराठीत मागचा दिवस, कन्नडात वेळ; शब्द एक, अर्थ दोन. सी-शार्पमध्ये २००५ साली आलेला जेनेरिक 'आयइन्यूमरेबल' हा त्याच नावाच्या जुन्या कराराचा वारस. दोहोंत 'गेटइन्यूमरेटर' हे कलम आहे, पण ती कलमे निरनिराळी. एकालाच उत्तर शिकविले, तर जुन्या वाटेने विचारणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही आणि आज्ञावली कोसळते.

यावर उपाय तीन :
१. 'ॲज' या सोयीने जुन्या कराराचे नाव घेऊन त्याचे उत्तरही नेमून द्यावे.
२. मॉक 'स्ट्रिक्ट' ठेवावा. म्हणजे न शिकविलेला प्रश्न येताच तो तक्रार करतो.
३. साधी यादीच हवी असेल, तर नकली न करता खरी यादीच द्यावी.

आणि चाचणीत अपेक्षित आकडा, म्हणजे येथे ४००, स्पष्ट लिहावा. खातेदाराचा पैसा खरा असतो; नकली असते ते फक्त चाचणीतले खाते.