तबकडीआड डोंगर येतो का?

हॉकीचा सामना घरी पाहायचा, तर गच्चीवरची तबकडी नेमकी उपग्रहाकडे रोखावी लागते. रायगड जिल्ह्यातील पेण आणि रोहा या गावांभोवती डोंगर आहेत. ते आड येणार नाहीत का? हिशेब करून पाहू.

‘डीडी फ्री डिश’चे कार्यक्रम जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. २०१५ साली सोडलेला हा उपग्रह विषुववृत्ताच्या वर सुमारे ३५,८०० कि.मी. उंचीवर, ९३.५° पूर्व रेखांशावर आहे. पृथ्वीच्या एका परिवलनाला लागतो तेवढ्याच वेळात तो एक प्रदक्षिणा पुरी करतो. म्हणून आकाशात एका जागी स्थिर भासतो.

पेण सुमारे १८.७° उत्तर अक्षांशावर व ७३.१° पूर्व रेखांशावर आहे. तेथून उपग्रह आग्नेयेस, क्षितिजापासून सुमारे ५८° वर येतो. रोहा दक्षिणेस सुमारे ३० कि.मी., तरी कोनात अर्ध्या अंशाचाही फरक पडत नाही. उपग्रह इतका दूर आहे!

५८° ची स्पर्शज्या १.६. म्हणजे १ कि.मी. अंतरावरचा डोंगर आड येण्यास तो तबकडीहून १६०० मीटर उंच हवा, जवळजवळ कळसूबाईएवढा (१६४६ मीटर)! परंतु ५ मीटरवरचे आंब्याचे झाड तबकडीहून ८ मीटर उंच असले, तरी चित्र जाते.

तेव्हा डोंगराची धास्ती नको. कोनमापकाला दोरा व खडा बांधा आणि आग्नेयेकडील झाडाच्या शेंड्याचा कोन मोजा. तो ५८° हून बराच कमी भरला, तर जागा योग्य समजा.