प्रवासी छायाचित्रणाचे दर आणि करार : मणिबेलीच्या निमित्ताने

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यातील मणिबेली हे नर्मदातीरावरील गाव. सरदार सरोवराच्या बुडीत क्षेत्रात आलेल्या महाराष्ट्रातील 33 गावांपैकी ते एक होय. 1993 च्या पावसाळ्यात येथील घरांत पाणी शिरले, पुढे जुने शूलपाणेश्वर मंदिरही जलाशयात गेले आणि 2019 साली जलाशय प्रथमच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. जी वस्ती, जी शेते आणि जो नदीकाठ पाण्याखाली गेला, त्यांचे रूप पाहावयाचे तर जुन्या छायाचित्रांखेरीज दुसरे साधन फारसे उरलेले नाही. या गावी छायाचित्रकार पुष्कळ येऊन गेले. मात्र अशा कामाच्या करारात गावालाही प्रत द्यावी, असे कलम सहसा नसते.

पलीकडे गुजरातेत केवडिया येथे 2018 साली सरदार वल्लभभाई पटेल यांचा 182 मीटर उंचीचा पुतळा उभा राहिल्यापासून या टापूकडे प्रवाशांचा ओघ वाढला आहे. अलीकडे तोरणमाळचे पठार आणि काठीची राजवाडी होळी यांचीही ख्याती मोठी आहे. साहजिकच माहितीपत्रके, दिनदर्शिका आणि संकेतस्थळे यांसाठी छायाचित्रे घेवविण्याचे काम कार्यालयांकडे आणि पंचायतींकडे येते. तीन दरपत्रके मागवावीत, सर्वांत कमी दराचे स्वीकारावे आणि चार ओळींचा कार्यादेश द्यावा, एवढ्यावर हे काम उरकण्याची प्रवृत्ती दिसते. कागद किंवा खुर्च्या खरेदी करताना ही रीत चालते. छायाचित्रांना ती पुरत नाही, कारण येथे वस्तूबरोबर हक्कही विकत घ्यावयाचा असतो.

प्रथम दराचा विचार करू. दर प्रतिछायाचित्र ठरवावा की प्रतिदिन, हा नेहमीचा प्रश्न आहे. समजा, दर छायाचित्रामागे 300 रुपये ठरले आणि 80 छायाचित्रे मागविली, तर देयक 24,000 रुपयांचे होईल. आता तेच काम दिवसांच्या हिशेबाने मांडून पाहावे. छायाचित्रणाचे 2 दिवस प्रत्येकी 6,000 रुपयांप्रमाणे, जाण्यायेण्याचे 2 दिवस निम्म्या दराने आणि निवड व संस्करणाचे 2 दिवस निम्म्या दराने धरले, तरी बेरीज 24,000 रुपयेच येते. (हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत.) रक्कम तीच असली तरी काम तेच होत नाही. पहिल्या पद्धतीत छायाचित्रकाराचे लक्ष 80 चा आकडा भरण्याकडे राहते आणि एकाच डोंगराची दहा छायाचित्रे पदरात पडतात. दुसऱ्या पद्धतीत पहाटेच्या उजेडासाठी थांबणे त्याला परवडते. सातपुड्यासारख्या भागासाठी दैनिक दरच योग्य म्हणावा लागेल.

होडी, वाहन, वाटाड्या, भोजन आणि मुक्काम यांचा खर्च मानधनात न मिसळता प्रत्यक्ष पावत्यांनुसार द्यावा. ढगाळ हवेमुळे किंवा होडी न सुटल्यामुळे वाया गेलेल्या दिवसाचा दर आधीच लिहून ठेवावा. निम्मा दर हे त्याचे समंजस प्रमाण आहे. या एका ओळीअभावी देयके महिनोन्महिने अडतात.

याहून महत्त्वाची बाब स्वामित्वहक्काची आहे. कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार छायाचित्र घेणारी व्यक्ती ही त्याची कर्ता असते. तथापि मोबदला देऊन छायाचित्र काढवून घेतले असेल आणि करारात वेगळे काही ठरलेले नसेल, तर कलम 17 प्रमाणे पहिला मालक मोबदला देणारा ठरतो. म्हणजे खाजगी विश्रामगृहाच्या मालकाने मणिबेलीची छायाचित्रे घेवविली, तर ती त्याची होतात. छायाचित्रकाराला आपल्याच चित्राचा पुन्हा उपयोग करता येत नाही आणि गावाचा तर प्रश्नच उद्भवत नाही. याउलट मालकी छायाचित्रकाराकडे ठेवून केवळ वापराची परवानगी घेतली, तर दर खाली येऊ शकतो. पंचायतीला एका माहितीपत्रकापुरतीच छायाचित्रे हवी असतील, तर संपूर्ण मालकीसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही.

परवानगी असो वा हस्तांतरण, ते लेखीच असावे लागते. त्यात मुदत लिहिली नाही तर कायदा 5 वर्षे धरतो आणि क्षेत्र लिहिले नाही तर भारतापुरते मानतो. संकेतस्थळ जगभर दिसते, याचा विसर येथे पडतो. तसेच हस्तांतरित झालेला हक्क वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळी तरतूद नसल्यास तो संपुष्टात येतो. छायाचित्रे कपाटात ठेवून देणाऱ्या कार्यालयांनी ही तरतूद अवश्य पाहावी. मालकी कोणाचीही असो, आपण कर्ता असल्याचे सांगण्याचा हक्क कलम 57 अन्वये छायाचित्रकाराकडेच राहतो. म्हणून छायाचित्राखाली नाव छापण्याची अट कार्यादेशातच असावी.

शासनाने छायाचित्रकार नेमण्याची प्रथा या प्रांतात जुनी आहे. 1855 साली तोफखान्यातील कॅप्टन थॉमस बिग्ज यांना विजापूर व बदामी या भागांतील वास्तूंची छायाचित्रे घेण्याचे काम देण्यात आले होते. वास्तूंची संमती विचारावी लागत नाही. माणसांची विचारावी लागते. होळीत मोरपिसांचा टोप घालून नाचणाऱ्या तरुणाचे छायाचित्र बातमीत येणे वेगळे आणि जाहिरातीत येणे वेगळे. हा फरक त्याला त्याच्या बोलीत समजावून सांगितला पाहिजे. मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी. अक्कलकुवा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो आणि 1996 च्या पेसा अधिनियमाने परंपरा व सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. तेव्हा काम सुरू होण्यापूर्वी विषय ग्रामसभेपुढे ठेवणे हे केवळ सौजन्य नव्हे. नाचणाऱ्यांना आणि नावाड्यांना द्यावयाचे मानधनही अंदाजपत्रकातच दाखवावे. ते छायाचित्रकाराच्या मर्जीवर सोडू नये.

ड्रोनचा वापर होणार असेल, तर 2021 च्या ड्रोन नियमांप्रमाणे उड्डाणक्षेत्र तपासून परवानगी घेण्याची जबाबदारी कोणाची, हे लिहावे. अभयारण्यातील छायाचित्रणासाठी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 च्या कलम 28 खालील परवाना लागतो. या दोन्हींस वेळ लागतो.

शेवटचा हप्ता देण्यापूर्वी निवडक छायाचित्रांचा एक संच ग्रामपंचायतीच्या दप्तरी आणि एक गावच्या शाळेत जमा झाल्याची पोच घ्यावी. छायाचित्रे संगणकीय स्वरूपातील असली तरी काही प्रती कागदावर असाव्यात आणि प्रत्येकीच्या मागे दिनांक, जागा व दिसणाऱ्या पाण्याची पातळी नोंदवावी. काठीची होळी फाल्गुनात येते. कार्यादेश पौषात निघाला, तर ग्रामसभेची बैठक आणि परवाने ही दोन्ही कामे माघात उरकतात.