शृंगी घुबडाचा संसार

कार्तिक सरतो आणि दख्खनच्या माळावर थंडी उतरू लागते. याच सुमारास ओढ्याच्या उभ्या दरडीत किंवा जुन्या दगडखाणीच्या कपारीत शृंगी घुबडाचा संसार सुरू होतो. डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे असतात, म्हणून हा पक्षी 'शृंगी'. त्याची लांबी सुमारे पावणेदोन फूट आणि डोळे निखाऱ्यासारखे नारिंगी असतात.

घरट्यासाठी हे जोडपे एक काडीही गोळा करीत नाही. उघड्या मातीतील उथळ खळग्यात मादी बहुधा तीन ते चार अंडी घालते आणि सुमारे 33 दिवस ती उबवते. तिची तपकिरी, ठिपकेदार पिसे मातीशी अशी एकरूप होतात, की चार पावलांवरूनही ती दिसू नये! तिचे अन्न नर आणून देतो. पिले निघाल्यावर मादी शिकारीचे लहान तुकडे करून त्यांना भरविते. सर्व पिले एकाच दिवशी निघत नाहीत. त्यामुळे अन्न कमी पडले, तर धाकट्यावर उपासमारीची पाळी येते.

उडता येण्यापूर्वीच पिले पायी हिंडू लागतात. तो काळ मोठा धोक्याचा! शत्रू जवळ आला, की पिलू अंग फुलविते, पंख उभारते आणि चोच कटकट वाजविते. मोठे घुबड तर जायबंदी झाल्याचे सोंग करून शत्रूला दूर नेते. असा हा सांभाळ जवळजवळ सहा महिने चालतो.

दुर्दैवाने या पिलांचा मोठा वैरी मनुष्यच आहे. घुबडाचा घूत्कार अशुभ मानून कोणी दगड मारतात, तर कोणी जादूटोण्यासाठी त्याचा जीव घेतात. वस्तुतः 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारण्यास बंदी आहे. आणि ज्याला आपण अपशकुनी म्हणतो, तो रात्रभर आपल्याच शेतातील उंदीर टिपीत असतो! बापाने आणलेल्या प्रत्येक उंदरामागे पिलाचे पोट भरते आणि शेतकऱ्याचे धान्य वाचते. मग अपशकुन कोणाचा? घुबडाचा, की आपल्या अज्ञानाचा?

स्वाध्याय
1. शृंगी घुबडाची मादी घरट्यावर सहज का दिसत नाही?
2. पिलांच्या रक्षणासाठी मोठे घुबड कोणती युक्ती करते?
3. 'घुबड हा शेतकऱ्याचा मित्र आहे' हे पाठाच्या आधारे स्पष्ट करा.