पंखा सुरू झाला आणि जहाज कलंडले

तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल तुमच्या ओळखीचा आहे. आमच्या काटोलला त्या दिवशी गल्लोगल्ली असे बैल घेऊन मुले फिरतात. हा बैल म्हणजे खऱ्या बैलाचा नमुनाच. सुतार त्याची शिंगे जरा मोठी करतो, पाय जरा जाड ठेवतो. त्याने काही बिघडत नाही. बैल चार चाकांवर ऐटीत उभा राहतो.

जहाजाचा नमुना कपाटात ठेवायचा असेल तर त्याचेही असेच असते. पण तो पाण्यात सोडायचा असेल, तर मात्र पाणी आणि वारा त्याची कसून परीक्षा घेतात. ही परीक्षा कशी असते, ते मला एका नववीतल्या मुलीमुळे कळले.

काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मी परीक्षक होतो. त्या मुलीने शिडाच्या जहाजाचा नमुना मांडला होता. संत्र्याच्या जुन्या पेटीच्या पातळ फळ्या, बांबूच्या काड्यांच्या डोलकाठ्या, मेण लावलेल्या शिवणदोऱ्याचे दोर आणि जुन्या धोतराच्या कापडाची शिडे. प्रत्येक भाग मापाबरहुकूम होता. टपातल्या पाण्यात जहाज छान तरंगत होते. दुपारी उकाडा वाढला म्हणून कोणीतरी टेबलपंखा सुरू केला. वाऱ्याचा झोत आला आणि जहाज एका कुशीवर आडवे झाले. भोवतालची मुले हसली.

मी शेरा लिहिला : ‘वरचा भाग जड, स्थैर्य कमी.’ मुलीने विचारले, “सर, खरे जहाज असते तर तेही असेच कलंडले असते का?” मी चटकन म्हणालो, “हो.” रात्री घरी कागदावर हिशेब मांडला, तेव्हा ध्यानात आले की माझे उत्तर चुकले होते.

लहान करताना काय काय लहान होते?

समजा, एक जहाज २० मीटर लांब आहे आणि आपण त्याचा १:४० या प्रमाणात नमुना करीत आहोत. नमुन्याची लांबी ५० सेंटिमीटर होईल. रुंदी, उंची, डोलकाठी हे सारे ४० पटींनी लहान होईल. १ मीटर उंचीचा कठडा अडीच सेंटिमीटरचा होईल आणि २ सेंटिमीटर जाडीचा दोर अर्ध्या मिलिमीटरचा.

आता शीड घ्या. शिडाला लांबी आणि रुंदी असते. दोन्ही ४० पटींनी कमी झाल्या, म्हणून क्षेत्रफळ ४० × ४० म्हणजे १,६०० पटींनी कमी झाले. वजनाचे काय? वजन घनफळावर अवलंबून असते, म्हणून ते ४० × ४० × ४० म्हणजे ६४,००० पटींनी कमी होते. मूळ जहाजाचे वजन ६४ टन असेल, तर नमुन्याचे वजन बरोबर १ किलोग्रॅम असायला हवे.

पण एक गोष्ट लहान झालीच नाही. ती म्हणजे वारा!

वारा विरुद्ध वजन

वारा जहाजाला कलंडवू पाहतो. त्याचा हा प्रयत्न शिडावरील बल आणि त्या बलाची पाण्यापासूनची उंची यांच्या गुणाकाराइतका असतो. वारा तेवढाच राहिला, तर नमुन्याच्या शिडावरील बल १,६०० पटींनी आणि उंची ४० पटींनी कमी झाली. म्हणजे कलंडविण्याचा प्रयत्न ६४,००० पटींनी कमी झाला.

याच्या उलट, जहाजाचे वजन त्याला सरळ उभे करू पाहते. जहाज कलले की त्याचे वजन गुरुत्वमध्यातून खाली ओढते आणि पाण्याचे प्लावक बल वर ढकलते. ही दोन बले एका रेषेत न राहता त्यांच्यात थोडे अंतर पडते. वजन आणि हे अंतर यांचा गुणाकार म्हणजे सावरण्याचा प्रयत्न. नमुन्यात वजन ६४,००० पटींनी आणि अंतर ४० पटींनी कमी झाले. सावरण्याचा प्रयत्न २५,६०,००० पटींनी कमी झाला!

२५,६०,००० ला ६४,००० ने भागा. उत्तर ४० येते. म्हणजे एकच वारा मूळ जहाजापेक्षा हुबेहूब नमुन्याला ४० पट जड जातो. जी झुळूक खऱ्या जहाजाला एखादा अंशच कलवील, ती नमुन्याला आडवे पाडू शकेल. दोष त्या मुलीच्या हातांचा नव्हता. तिचे काम हुबेहूब होते, म्हणूनच ते पंख्यापुढे टिकले नाही.

वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. तेव्हा ४० पट फरक म्हणजे वेगात ४० च्या वर्गमुळाइतका, सुमारे ६.३ पट फरक. ताशी २० किलोमीटरचा वारा नमुन्याला ताशी १२६ किलोमीटरच्या वादळासारखा वाटणार. मूळ जहाजाला २० किलोमीटरच्या वाऱ्यात जसे वाटते, तसे नमुन्याला वाटायला हवे असेल, तर त्याला ताशी सुमारे ३ किलोमीटरचाच वारा द्यायला हवा.

हाच वर्गमूळाचा नियम मोठ्यांच्या कामाचा

वर्गमुळाचे हे नाते लाटांच्या बाबतीतही येते. विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने १८७२ साली टॉर्की येथे एक लांब हौद बांधला आणि त्यात मेणाचे जहाज-नमुने ओढून पाण्याचा विरोध मोजला. नमुना आणि जहाज यांनी सारख्याच आकृतीच्या लाटा उठवायच्या असतील, तर त्यांचे वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात हवेत, हे त्याने दाखवून दिले. आपल्या १:४० च्या नमुन्यासाठी ताशी १० किलोमीटरची चाल म्हणजे ताशी सुमारे १.६ किलोमीटर. आजही जहाजांच्या नमुन्यांची चाचणी याच नियमाने होते.

असेच एक उदाहरण आपल्या महाराष्ट्राशी जोडलेले आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत पाचव्या शतकातील जहाजाचे एक चित्र आहे. त्यावरून भारतीय नौदलाने, संस्कृती मंत्रालयाने आणि गोव्यातील एका जहाजबांधणी संस्थेने मिळून एक जहाज उभे केले. त्याच्या फळ्या खिळ्यांनी नव्हे, तर काथ्याच्या दोराने शिवलेल्या आहेत. केरळचे कसबी कारागीर बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली ही शिलाई झाली. अडचण अशी होती की भिंतीवरच्या चित्रावरून लांबी-रुंदीचा अंदाज येतो, पण जहाज पाण्यात कसे वागेल ते कळत नाही. म्हणून मद्रासच्या आय.आय.टी.मधील सागरी अभियांत्रिकी विभागाच्या साहाय्याने नमुन्यावर चाचण्या घेण्यात आल्या. सुमारे २० मीटर लांबीचे हे जहाज २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ‘कौंडिण्य’ या नावाने नौदलात दाखल झाले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये ते शिडांच्या बळावर मस्कतला पोहोचले. नमुना ही केवळ शोभेची वस्तू नाही, हे यावरून दिसेल.

मग खरे जहाज कलंडतच नाही का?

कलंडते. स्वीडनचे ‘वासा’ हे युद्धनौकांतील शान मानले गेलेले जहाज १० ऑगस्ट १६२८ रोजी पहिल्याच सफरीत, जेमतेम १,३०० मीटर गेल्यावर, साध्या वाऱ्याच्या झोताने कलंडून बुडाले. वरचा भाग जड होता आणि तळाशी पुरेसे वजन नव्हते. खलाशी अशा वजनाला नीरम म्हणतात. निघण्यापूर्वी ३० माणसांना डेकवर या काठापासून त्या काठापर्यंत पळवून चाचणी घेतली होती. जहाज इतके डोलू लागले की चाचणी मध्येच थांबवावी लागली. तरीही जहाज निघालेच! १९६१ साली ते समुद्रतळावरून वर काढण्यात आले आणि आज स्टॉकहोममध्ये पाहायला मिळते.

म्हणजे माझा शेरा ‘वासा’ला लागू होता, मुलीच्या जहाजाला नव्हे.

तुम्ही जहाज करताना

समुद्र आपल्यापासून शेकडो किलोमीटर दूर असला, तरी टप आणि पाणी घरोघरी आहे. पुढील क्रम पाळा.

१. आधी प्रमाण ठरवा आणि सर्व मापांचा तक्ता वहीत लिहा. जाडीचीही मापे लिहा. बहुतेक जण येथेच चुकतात. ३ मिलिमीटर जाडीची पट्टी कठड्याला लावली, तर १:४० च्या हिशेबाने खऱ्या जहाजाला १२ सेंटिमीटर जाडीचा कठडा बसविला असे होते.

२. सांगाडा हलका करा. सावर किंवा पांगारा यांसारखे हलके लाकूड मिळाले तर उत्तम. नमुन्याचे एकूण वजन १ किलोग्रॅम हवे असेल, तर लाकूड, शिडे, दोर सारे मिळून ६०० ग्रॅमच्या आत बसवा. उरलेले वजन नीरमसाठी ठेवा.

३. बाहेरून रंगाचे पातळ हात देऊन लाकूड पाणबंद करा. पाणी कुठवर यायला हवे ती रेषा पेन्सिलीने आखा. मग लोखंडी नट तळाशी अगदी मधोमध ठेवत जा. पाणी रेषेला टेकले की वजन बरोबर झाले. येथे आर्किमिडीजच तुमचा तराजू होतो.

४. आता ‘वासा’ची चाचणी घ्या. २० ग्रॅमचा नट मधल्या रेषेपासून ६ सेंटिमीटर बाजूला डेकवर ठेवा आणि जहाज किती अंश कलले ते ओळंबा व कोनमापकाने मोजा. डोलकाठ्या लावल्यावर, दोर ताणल्यावर, शिडे चढविल्यावर, प्रत्येक वेळी हीच चाचणी घेऊन आकडे लिहा. आकडा एकदम वाढला, तर नुकताच लावलेला भाग जड झाला असे समजा.

५. वाऱ्यात सोडायचे असेल, तर पारदर्शक प्लॅस्टिकची एक पट्टी तळाखाली १५ सेंटिमीटर उतरवा आणि नीरममधले काही नट तिच्या टोकाला बांधा. गुरुत्वमध्य खूप खाली जातो. खऱ्या जहाजाला अशी पट्टी नसते, म्हणून मांडणीच्या वेळी ती काढून ठेवा. तसे करताना खोटेपणा वाटून घेऊ नका. वारा आपल्या प्रमाणात लहान होत नाही, त्याची ही भरपाई आहे.

शिक्षकांना एक विनंती. प्रदर्शनात नमुना बिघडला, तर गुण कापण्यापूर्वी तो का बिघडला ते विद्यार्थ्याबरोबर बसून शोधा. मी दुसऱ्या दिवशी त्या शाळेत गेलो, तेव्हा निकाल लागून गेला होता. तो काही बदलता आला नाही. मुलीच्या वहीत वरचा सगळा हिशेब उतरवून दिला आणि माझे उत्तर चुकले होते, हेही तेथेच लिहिले. तिने वही वाचून एवढेच विचारले, “सर, मग १:२० चे केले तर?”

सोडवून पाहा

(अ) नमुना १:२० या प्रमाणात केला, तर तोच वारा त्याला मूळ जहाजापेक्षा किती पट जड जाईल?

(आ) ६४ टनांच्या जहाजाचा १:२० नमुना किती किलोग्रॅमचा होईल? तो तुमच्या घरच्या टपात मावेल का?

(इ) शिडाची रुंदी तीच ठेवून त्याची उंची वरून निम्मी केली, तर कलंडविण्याचा प्रयत्न किती पट कमी होईल? (सूचना : क्षेत्रफळाबरोबर बलाची उंचीही निम्मी झाली असे धरा.)