नकारानंतरचे पत्र

प्रश्न : न्हावा-शेव्याकडील एका खासगी गोदामात कारकुनाच्या जागेसाठी दोनदा मुलाखत दिली, दोन्ही वेळा नकार आला. कारण विचारले तर नाव काळ्या यादीत जाईल, असे घरचे म्हणतात. काय करावे?
– एक वाचक, करंजा

उत्तर : कारण विचारणे म्हणजे निर्णयाविरुद्ध फिर्याद करणे, हा आपल्या घरच्यांचा समज काळजीपोटी झालेला असला तरी यथार्थ नव्हे, नम्रपणे आणि एकदाच केलेली विचारणा कोणत्याही समंजस अधिकाऱ्यास खुपत नाही. नकार कळताच दोन-चार दिवसांत मुलाखत घेणाऱ्यांस ईमेल करावा : ‘संधीबद्दल आभारी आहे. आपला निर्णय मला मान्य आहे. पुढील तयारीसाठी माझ्यात कोणती उणीव जाणवली, हे दोन ओळींत कळविल्यास उपकृत होईन.’ वशिल्याचा संशय किंवा भूमिपुत्राचा हक्क यांविषयी त्यात एक अक्षरही नसावे. तो हक्क रास्त आहेच, परंतु त्याचे दफ्तर निराळे.

खासगी कंपनीवर उत्तराची सक्ती नाही. जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणासारख्या सार्वजनिक संस्थेच्या भरतीत मात्र २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वये १० रुपये शुल्क भरून स्वतःच्या गुणांची माहिती मागता येते. उत्तराची मुदत सामान्यतः ३० दिवसांची असते.

दोनदा बोलावणे आले, याचा अर्थ आपला अर्ज त्यांस विचारार्ह वाटला होता. खचू नका, उत्तराची वाट पाहत न बसता पुढचा अर्ज आजच रवाना करा.