मनुष्यजातीचे श्रेष्ठ कर्तृत्व कोणते?

चार गृहस्थ निवांत बसले आणि बोलणे रोजच्या बातम्यांवरून थोडे वर चढले, की हा प्रश्न कधीतरी निघतोच : मनुष्याने आजवर जे जे साधले, त्यात सर्वांत मोठे कोणते? एक जण १९६९ साली चंद्रावर उमटलेल्या पावलाचे नाव घेतो. दुसरा म्हणतो, लिपी नसती तर चंद्र कुठला आणि पाऊल कुठले! तिसरा शेतीचा पक्ष घेतो, चौथा शून्याचा. आणि शून्याचे नाव घेताना आपणा भारतीयांचा स्वर किंचित चढतो, हेही खरे. वाद रंगतो, परंतु बहुधा ज्याच्या त्याच्या अभिमानापाशी येऊन थांबतो. कारण माप कोणते लावायचे, हे आधी कोणी ठरविलेले नसते.

म्हणून प्रथम मापाचा विचार करू. अग्नी अन्न शिजवितो आणि घरही जाळतो. लिपीत शास्त्रे लिहिली जातात, तशी खोटी खतेही लिहिली जातात. १९४४ साली लंडनवर पडलेली जर्मन अग्निबाणे ज्या फोन ब्राउनच्या हाताखाली तयार झाली, त्याच्याच हाताखाली पुढे चंद्राकडे जाणारे प्रचंड यानवाहक अमेरिकेत उभे राहिले. या सर्व शक्ती आहेत. त्या ज्याच्या हाती पडतील त्याच्या बुद्धीप्रमाणे वळतात. शक्ती मिळविणे हे मोठे खरे. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायात लोकसंग्रहाचा जो विचार आला आहे, तो मनात ठेवून पाहिले तर निराळाच प्रश्न पुढे येतो. ज्याचे फळ कर्त्याकडे परत येत नाही, आणि ज्याला त्याचे नावही ठाऊक नाही अशा माणसालासुद्धा जे पोचते, असे मनुष्याने काय केले आहे?

या मापाने पाहता प्रस्तुत लेखकाला एकच उत्तर सुचते : देवीच्या रोगाचे निर्मूलन.

तरुण वाचकांना हा शब्द आता समजावून सांगावा लागतो, यातच त्या कार्याची थोरवी आहे. अंगावर पुवाने भरलेले फोड येत. रोगाचा उग्र प्रकार झालेल्यांपैकी सुमारे तीस टक्के माणसे दगावत. जी वाचत त्यांच्या चेहऱ्यावर वण राहत आणि कित्येकांची दृष्टी जाई. विसाव्या शतकातच या रोगाने निदान तीस कोटी माणसे नेली, असा अंदाज आहे. उत्तरेत आणि बंगालात शीतलामातेची आराधना होई. आपल्या मराठीत तर रोगालाच ‘देवी’ हे नाव पडले. ‘देवी आल्या’ म्हणजे रोग झाला आणि ‘देवी काढल्या’ म्हणजे लस टोचली! व्याधी आणि तिचे निवारण या दोहोंना एकच शब्द लावणारी ही भाषा भय आणि आशा शेजारी शेजारी कशी नांदत होती, ते दाखविते.

निवारणाचा मार्ग फार पूर्वीपासून चाचपडत शोधला जात होता. बंगालातील टीकादार रोग्याच्या फोडातील द्रव्य निरोगी माणसाच्या त्वचेत घालीत. त्याने बहुधा सौम्य रोग होई, क्वचित प्राणही जाई. १७९६ साली एडवर्ड जेन्नर या इंग्रज वैद्याने गायीच्या तशाच परंतु निरुपद्रवी रोगापासून संरक्षण मिळते, असे प्रयोगाने दाखविले. ती लस बगदाद आणि बसऱ्यावरून, वाटेत एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर अशी, मुंबईला पोचली आणि १४ जून १८०२ रोजी तेथे तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली. भारतातील ती पहिली यशस्वी लस.

मग रोग जावयास पावणेदोनशे वर्षे का लागली? ज्ञान होते, पण ते सर्वांच्या दारी नव्हते. श्रीमंत देशांनी आपापली अंगणे झाडून घेतली, आणि रोग गरिबांच्या वस्तीत राहिला. १९५८ साली सोव्हिएत रशियाच्या व्हिक्टर झ्दानोव यांनी जागतिक आरोग्य परिषदेपुढे संपूर्ण पृथ्वीवरून हा रोग नाहीसा करण्याची सूचना मांडली. १९६७ मध्ये मोहीम तीव्र झाली तेव्हाही वर्षाला एक कोटीहून अधिक लोकांना देवी येत होत्या. मोहिमेचे प्रमुख हेंडरसन अमेरिकन होते, आणि लशीचा फार मोठा साठा रशियाने दान दिला होता. ही दोन राष्ट्रे त्याच काळात एकमेकांवर अण्वस्त्रे रोखून उभी होती, हे आठवले म्हणजे मन क्षणभर थबकते.

साधने अगदी साधी होती. गोठवून कोरडी केलेली लस उन्हाळ्यातही टिकत असे. टोकाशी दुभंगलेल्या सुईवर लशीचा एक थेंब धरायचा आणि दंडावर पंधरा वेळा टोचायचे; अल्पशिक्षित माणसालाही हे थोड्या वेळात शिकविता येई. खरा पालट विचारात झाला. १९६६ च्या अखेरीस पूर्व नायजेरियात लस अपुरी पडली, तेव्हा विल्यम फोगी यांनी सर्वांना टोचण्याचा नाद सोडला. रोगी शोधायचा आणि त्याच्याभोवतीच्या माणसांना टोचून कडे करायचे, ही रीत धरली.

भारतात या रीतीची कसोटी लागली. १९७४ साली देशात सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना देवी आल्या. बिहारात तर हाहाकार होता, आणि त्याच मे महिन्यात रेल्वेचा संप झाला. शोध नीट चालला म्हणूनच आकडे वाढत होते, पण हे कोणाला पटणार? शोधाची रीत सोडून पुन्हा सरसकट सर्वांना लस टोचावी, असे तेथील आरोग्यमंत्र्यांनी ठरविले. त्या सभेत एक भारतीय डॉक्टर उठून म्हणाले, की आमच्या खेड्यात घराला आग लागली तर पाणी जळत्या घरावर ओततात, गावातील सगळ्या घरांवर नाही. फोगी यांनीच ही हकीकत सांगितली आहे. मंत्र्यांनी एक महिन्याची मुदत दिली. त्या डॉक्टरांचे नाव फार थोड्यांना ठाऊक असेल.

लाखाहून अधिक कार्यकर्ते घरोघर फिरले. हातात फोड आलेल्या बालकाच्या चित्राचे कार्ड, आणि तोंडी एकच प्रश्न : असे कोणी पाहिले आहे का? शाळेत, बाजारात, चहाच्या दुकानात तोच प्रश्न. रोगी दाखविणाऱ्याला बक्षीस होते; रोग विरळ होत गेला तशी त्याची रक्कम वाढत हजार रुपयांवर गेली. २४ मे १९७५ रोजी आसामातील करीमगंजच्या रेल्वे स्थानकावर एक निराधार स्त्री आढळली. भारतातील ती शेवटची रोगी.

या कार्यात डाग नव्हते असे कोणी समजू नये. काही ठिकाणी रात्री दारे उघडून, नको म्हणणाऱ्या माणसांना धरून लस टोचली गेली. मोहिमेत असलेल्यांनीच हे पुढे सांगितले. हेतू शुद्ध होता म्हणून ते योग्य ठरते, असे आम्ही म्हणणार नाही. ज्याच्या दंडावर बळाने सुई टेकली, त्याचा अपमान रोग गेल्याने पुसला जात नाही. शिवाय विषाणू पूर्ण गेला आहे, असेही नाही. १९७८ साली बर्मिंगहॅम येथे प्रयोगशाळेतून निसटलेल्या विषाणूने एका स्त्रीचा बळी घेतला. आजही तो अमेरिकेत अटलांटा आणि रशियात कोल्त्सोवो अशा दोन ठिकाणी कडेकोट बंदोबस्तात राखलेला आहे. नष्ट करण्याचा निर्णय अनेकदा पुढे ढकलला गेला. म्हणजे येथेही शक्तीचा मोह सुटलेला नाही. आमच्या पक्षातील हा सर्वांत दुबळा भाग होय, आणि वाद करणाऱ्या वाचकाने तो अवश्य पुढे मांडावा.

खर्चाचे म्हणाल तर १९६७ पासूनच्या मोहिमेला सुमारे तीस कोटी डॉलर लागले. चंद्रावर जाण्याच्या योजनेला सुमारे अडीच हजार कोटी. चंद्रावरून परतलेल्या वीरांची नावे मुलांना पाठ असतात, आणि त्यात गैर काही नाही. परंतु ८ मे १९८० रोजी पृथ्वी देवीमुक्त झाल्याचे जाहीर झाले, त्यानंतर जन्मलेल्या प्रत्येक बालकाला जे मिळाले त्याची नोंद कोठेच नाही. न आलेल्या फोडांची मोजदाद कशी करणार?

नैसर्गिक रीतीने देवी आलेला जगातील शेवटचा माणूस सोमालियातील मेर्का गावचा अली माओ मआलिन. १९७७ च्या ऑक्टोबरात तो रुग्णालयात स्वयंपाकी होता. सुईला भिऊन त्याने लस टाळली होती; दोन आजारी मुलांना घेऊन जाणाऱ्या गाडीत वाट दाखवायला तो काही मिनिटे बसला, तेवढ्यात रोग लागला. तो वाचला. पुढे अनेक वर्षांनी पोलिओच्या लशीसाठी तो दारोदार फिरू लागला, आणि लस नाकारणाऱ्या आईबापांना स्वतःचीच गोष्ट सांगू लागला. २०१३ साली त्याच कामावर असताना हिवतापाने त्याचा मृत्यू झाला.