उद्याचा खेळाडू आज कसा ओळखायचा? (हंगामाच्या शेवटी धावफलक वाचताना)



फेब्रुवारी उजाडला की आपल्याकडे दोन गोष्टी एकदमच येतात. एक म्हणजे दहावी-बारावीच्या परीक्षा आणि दुसरी म्हणजे देशांतर्गत क्रिकेट हंगामाचा शेवट. पहिलीची चर्चा घरोघरी होते. दुसरीकडे मात्र कुणाचं फारसं लक्ष नसतं. वर्तमानपत्राच्या क्रीडा पानावर अगदी खालच्या कोपऱ्यात चार ओळींची बातमी असते, की महाराष्ट्राच्या २३ वर्षांखालील संघातल्या अमक्या मुलाने ८७ धावा केल्या. आपण ती न वाचताच पान उलटतो.

आजच्या पाठात आपण हीच चार ओळींची बातमी वाचायला शिकणार आहोत. यात थोडं गणित आहे, थोडा इतिहास आहे आणि शेवटी आपल्या वर्गाशी संबंधित एक मुद्दाही आहे.

१) खेळाडूंची रोपवाटिका

आपल्या जिल्ह्यातल्या मुलांना कांद्याचं रोप सांगावं लागत नाही. आधी वाफ्यात बी टाकायचं, रोप तयार झालं की मग शेतात लागण करायची. खेळातही असंच असतं. मोठ्या संघात कुणी थेट येत नाही, आधी तो खालच्या वाफ्यात वाढतो.

अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ फार लोकप्रिय आहे. तिथे ३० मोठे व्यावसायिक संघ आहेत आणि त्यांच्याशी जोडलेले १२० छोटे संघ आहेत. या छोट्या संघांच्या व्यवस्थेला तिथे चक्क 'फार्म' म्हणजे शेत असंच म्हणतात! त्यात पायऱ्या असतात. सगळ्यात खाली नवशिक्यांची, मग ए, हाय-ए, डबल-ए आणि सगळ्यात वर ट्रिपल-ए. हंगाम संपत आला की सप्टेंबरमध्ये मोठ्या संघाला २६ ऐवजी २८ खेळाडू ठेवता येतात. मग खालच्या संघातल्या एखाद्या तरुणाला वरचं बोलावणं येतं. आपला मोठा संघ हरत असला तरी तिथले प्रेक्षक या पोरांवर लक्ष ठेवून असतात, कारण पुढच्या वर्षीची आशा तिथेच असते.

ही शिडी किती अवघड आहे ते एका उदाहरणावरून कळेल. बास्केटबॉलचा जगप्रसिद्ध खेळाडू मायकेल जॉर्डन १९९४ मध्ये बेसबॉल खेळायला गेला. त्याला डबल-ए पायरीवर खेळवलं गेलं. तिथे त्याची फलंदाजीची सरासरी होती .२०२, म्हणजे साधारण १०० प्रयत्नांत २० वेळाच यशस्वी फटका. एका खेळातला राजा दुसऱ्या खेळाच्या मधल्या पायरीवरच अडकला.

२) आपल्या क्रिकेटची शिडी

आता आपल्याकडे येऊ. महाराष्ट्र राज्यात क्रिकेटचे तीन संघ आहेत: मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ. आपला अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्हा 'महाराष्ट्र' संघाच्या क्षेत्रात येतो. जिल्ह्यात चांगला खेळणारा मुलगा राज्याच्या निवडीपर्यंत पोहोचला, तर त्याच्यासमोर या पायऱ्या असतात:

- १६ वर्षांखालील: विजय मर्चंट करंडक
- १९ वर्षांखालील: कूचबिहार करंडक (चार दिवसांचे सामने) आणि विनू मंकड करंडक (एकदिवसीय)
- २३ वर्षांखालील: कर्नल सी. के. नायडू करंडक
- खुला गट: रणजी करंडक

मुलींसाठीही १५, १९, २३ वर्षांखालील आणि वरिष्ठ असे गट आहेत.

हंगामाच्या शेवटी या शिडीवर हालचाल होते. कुणी भारतीय संघात जातो, कुणी जखमी होतो, मग वरची जागा रिकामी होते आणि खालच्या पायरीवरचा कुणीतरी वर सरकतो. म्हणून शेवटच्या दोन महिन्यांच्या बातम्या जास्त बारकाईने वाचाव्यात.

३) बातमी वाचताना विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न, कोणती पायरी? १६ वर्षांखालील सामन्यातल्या १०० धावा आणि रणजीतल्या १०० धावा सारख्या नाहीत. समोरचा गोलंदाज कोण, हे पायरीवरून कळतं.

दुसरा प्रश्न, वय किती? १९ वर्षांखालील गटात एक मुलगा १८ वर्षांचा आणि एक १५ वर्षांचा असेल, आणि दोघांच्या धावा सारख्या असतील, तर धाकट्याकडे जास्त लक्ष द्या. सांगलीत वाढलेली स्मृती मानधना आठवा. ती वयाच्या नवव्या वर्षी महाराष्ट्राच्या १५ वर्षांखालील संघात होती आणि अकराव्या वर्षी १९ वर्षांखालील संघात! नंतर तिने किती धावा केल्या हा भाग वेगळा, पण नवव्या वर्षी मोठ्या मुलींमध्ये टिकून राहणं हीच मोठी खूण होती.

तिसरा प्रश्न, किती डाव? दोन डावांवरून काहीच ठरत नाही. निदान आठ-दहा डाव तरी हवेत.

चौथा प्रश्न, आलेख वर जातोय की खाली? हंगामाची सुरुवात आणि शेवट वेगळा काढून बघा.

४) थोडं गणित: एकच सरासरी, वेगळे खेळाडू

गणिताच्या तासाला आपण शिकतो, सरासरी = एकूण ÷ संख्या. क्रिकेटमध्ये थोडा फरक आहे. इथे एकूण धावांना डावांच्या संख्येने नाही, तर किती वेळा बाद झाला त्या संख्येने भागतात. नाबाद राहिलेला डाव भाजकात धरत नाहीत.

आता चार काल्पनिक खेळाडू घेऊ.

अ चे आठ डाव: ४०, ३५, ०, ५२, ४१, २८, ४४, ४०. एकूण २८०. आठही वेळा बाद. सरासरी ३५.

ब चे आठ डाव: १२, ५, ८, २१०, ०, २०, १५, १०. एकूण २८०. आठही वेळा बाद. सरासरी ३५.

दोघांची सरासरी अगदी सारखी! पण आता प्रत्येकाचा सगळ्यात मोठा डाव बाजूला काढा. अ चे उरतात २२८ धावा, सात डावांत, म्हणजे सरासरी ३२ च्या वर. ब चे उरतात ७० धावा, सात डावांत, म्हणजे सरासरी फक्त १०. वर्तमानपत्रात फोटो मात्र ब चाच येणार, कारण २१० धावांची बातमी होते आणि ४० धावांची होत नाही.

क चे पाच डाव, एकूण १५० धावा, पण तीन वेळा नाबाद. म्हणून १५० ÷ २ = ७५. सरासरी ७५ बघून डोळे दिपतात. पण भागाकार फक्त दोनने झालाय हे विसरू नका.

ड चे आठ डाव: १०, १२, ८, १५, ३५, ४२, ५०, ६०. एकूण २३२, सरासरी २९. ही चौघांत सगळ्यात कमी! पण पहिल्या चार डावांत ४५ धावा आणि शेवटच्या चार डावांत १८७. काहीतरी बदललंय. कदाचित त्याने तंत्र सुधारलं असेल, कदाचित शेवटचे प्रतिस्पर्धी सोपे असतील. कोणतं खरं ते तपासायला त्या सामन्यांचे धावफलक काढून समोरचे संघ कोणते होते ते बघायचं. म्हणजेच आकडा आपल्याला उत्तर देत नाही, तो पुढे काय विचारायचं ते सांगतो.

५) इतिहास काय सांगतो?

डिसेंबर १९९९. जमशेदपूरला कूचबिहार करंडकाचा अंतिम सामना, बिहार विरुद्ध पंजाब. बिहारचा संघ ३५७ धावांत सर्वबाद झाला. पंजाबच्या एका मुलाने एकट्यानेच ३५८ धावा काढल्या, म्हणजे बिहारच्या सगळ्या संघापेक्षा एक धाव जास्त! तो मुलगा म्हणजे युवराज सिंग. पुढच्या ऑक्टोबरमध्ये तो भारतीय संघात होता. पण बिहारच्या त्या हरलेल्या डावात ८४ धावा करणारा एक यष्टिरक्षकही होता. त्याचं नाव महेंद्रसिंह धोनी. त्याला भारतीय संघात यायला डिसेंबर २००४ उजाडला. एकाच सामन्यातून दोघे निघाले, एक वर्षाच्या आत पोहोचला आणि दुसरा पाच वर्षांनी.

आता उलट उदाहरण. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून भाऊसाहेब निंबाळकर यांनी काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ धावा केल्या. डॉन ब्रॅडमन यांचा ४५२ चा विक्रम फक्त ९ धावा दूर होता. पण प्रतिस्पर्धी संघाने सामनाच सोडून दिला. रणजी करंडकातली ती आजही सर्वोच्च खेळी आहे. आणि तरीही निंबाळकर भारताकडून एकही कसोटी खेळू शकले नाहीत. म्हणजे शिडीच्या वरून दुसऱ्या पायरीवर डोंगराएवढं काम करूनही शेवटची पायरी मिळेलच असं नाही.

आपल्या जिल्ह्यातलीच दोन नावं बघू.

जहीर खान यांचा जन्म १९७८ चा, श्रीरामपूरचा. तिथून ते मुंबईला गेले, चेन्नईच्या वेगवान गोलंदाजांच्या अकादमीत शिकले. मुंबईच्या रणजी संघात सुरुवातीला जागा नव्हती, म्हणून बडोद्याकडून खेळले. २००० मध्ये भारतीय संघात आले आणि पुढे ९२ कसोटींत ३११ बळी घेतले. २०११ च्या विश्वचषकातही त्यांचे २१ बळी होते.

अजिंक्य रहाणे यांचा जन्म १९८८ चा, संगमनेर तालुक्यातल्या आश्वी खुर्दचा. वाढले डोंबिवलीत. २००७ मध्ये प्रथम श्रेणीच्या पहिल्याच सामन्यात त्यांनी १४३ धावा केल्या. २००८-०९ च्या रणजी हंगामात हजारहून जास्त धावा केल्या आणि मुंबईने करंडक जिंकला. पण पहिली कसोटी कधी मिळाली? मार्च २०१३ मध्ये! आणि त्यात धावा किती? ७ आणि १. तेवढ्यावरच कुणी 'हा काही चालणार नाही' असं ठरवलं असतं तर? त्याच वर्षी डिसेंबरमध्ये डर्बनला त्यांनी नाबाद ५१ आणि ९६ धावा केल्या. डिसेंबर २०२० मध्ये मेलबर्नला कर्णधार म्हणून शतक ठोकलं आणि भारताने ती मालिका जिंकली.

शेजारच्या बीड जिल्ह्याचा सचिन धस तर तुमच्या चांगला लक्षात असेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये १९ वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात दक्षिण आफ्रिकेविरुद्ध भारताचे ४ बाद ३२ झाले होते. तिथून सचिनने ९६ धावा केल्या आणि कर्णधार उदय सहारनबरोबर १७१ धावांची भागीदारी रचली. भारत अंतिम फेरीत गेला. बीडसारख्या ठिकाणचं पोर जगाच्या मैदानात उभं राहू शकतं हे त्या दिवशी दिसलं. पण वरच्या पायऱ्या त्यालाही एकेक करूनच चढायच्या आहेत.

६) हे आपल्या शाळेत कशाला?

शिक्षक मित्रांनो, आपण आकारिक आणि संकलित असं दोन्ही मूल्यमापन करतो. संकलित म्हणजे सत्राच्या शेवटची परीक्षा. आकारिक म्हणजे वर्षभर ठेवलेल्या नोंदी. पण खरं सांगा, मनात मुलाचं चित्र कशावरून तयार होतं? बऱ्याचदा एकाच पेपरवरून. वर्गात 'ब' असतो, ज्याने एकदा पैकीच्या पैकी मिळवले आणि हुशार ठरला. वर्गात 'ड' पण असतो, जो जूनमध्ये जोडाक्षरं वाचू शकत नव्हता आणि फेब्रुवारीत परिच्छेद वाचतो, पण त्याची सरासरी अजून २९ च असते. नोंदवहीत सुरुवात आणि शेवट शेजारी-शेजारी लिहिले की 'ड' दिसायला लागतो.

पालकांनाही एक विनंती. तालुक्याच्या स्पर्धेत पोराने एक शतक मारलं म्हणून शाळा सोडवून त्याला पूर्णवेळ अकादमीत टाकू नका. तशीच एका वर्षी जिल्ह्याच्या निवडीत नाव आलं नाही म्हणून त्याची बॅट माळ्यावरही टाकू नका. वाफ्यातल्या प्रत्येक रोपाची लागण होत नाही, आणि उशिरा वाढलेलं रोपही कधी कधी चांगला गड्डा धरतं. १४ व्या वर्षी कोणतंच दार बंद करायला नको, मैदानाचंही नको आणि शाळेचंही नको.

उपक्रम: माझी खेळाडू वही

१. महाराष्ट्र, मुंबई किंवा विदर्भाच्या कनिष्ठ संघातले तीन खेळाडू निवडा. एक मुलगी असावी.
२. वहीत रकाने आखा: दिनांक, स्पर्धा, प्रतिस्पर्धी, धावा, बाद/नाबाद किंवा षटके, बळी.
३. वर्तमानपत्रातून किंवा शिक्षकांच्या मदतीने क्रिकेट मंडळाच्या संकेतस्थळावरून नोंदी भरा.
४. मार्चअखेर सरासरी काढा. पहिल्या अर्ध्या आणि दुसऱ्या अर्ध्या हंगामाची वेगळी काढा.
५. वही फेकू नका. पुढच्या वर्षी त्याच तिघांची नोंद पुढे चालू ठेवा.

स्वाध्याय

प्र. १. एका खेळाडूने ९ डावांत ३६० धावा केल्या. तो एकदा नाबाद राहिला. त्याची सरासरी काढा.
प्र. २. वरील अ, ब, क, ड पैकी तुम्ही संघात कुणाला घ्याल? दोन कारणे लिहा.
प्र. ३. क ची सरासरी सगळ्यात जास्त असूनही आपण लगेच निर्णय का घेऊ नये?
प्र. ४. धोनी यांच्या ८४ धावा त्या वेळी फारशा कुणाच्या लक्षात का राहिल्या नसतील? तुमच्या शब्दांत लिहा.
प्र. ५. तुमच्या वर्गातल्या एखाद्या मित्राची किंवा मैत्रिणीची जूनपासून झालेली एक प्रगती शोधा आणि त्याला किंवा तिला ती सांगा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर वहीत काढून झालं की भागाकार पुन्हा एकदा तपासा. भाजक ९ घेतलाय का ८, ते बघा!